रॅम किती घ्यायची, हे कोणी ठरवायचं?



आजचा विषय वाचून कपाळाला आठ्या घालू नका. पापड-लोणची आणि तपस्या-पारणं सोडून आज मी संगणकाच्या प्रोसेसर आणि रॅमबद्दल लिहिणार आहे.

गहू घ्यायचा असला तर आपण मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून बघतो. मिक्सर घेताना वॉट विचारतो, घागर घेताना वाजवून बघतो. आणि घरात तीस-चाळीस हजारांचा संगणक यायचा असतो, तेव्हा आपण चहा ठेवायला आत जातो. बाहेर पुरुषमंडळी ठरवतात. मीही आयुष्यभर हेच केलं.

आमचा संगणक २०१४ चा. इंटेलचा आय-३, चौथ्या पिढीचा. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्डडिस्क. यांच्या दुकानाचं टॅली त्यावर, महिला मंडळाचा जमाखर्च त्यावर, बँकेची कामं त्यावर आणि दुपारचा झूमवरचा स्वाध्यायही त्यावरच. दिवसातले तीन-चार तास मी त्याच्यासमोर असते. घरातलं दुसरं कोणी अर्धा तासही बसत नाही.

२०२५ च्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं नेहमीचं मोफत अपडेट देणं बंद केलं. त्यावरून पाडव्याच्या दिवशी घरात चर्चा झाली. पुण्याचा मुलगा म्हणाला, “मम्मी, हे काढून टाक, लॅपटॉप घे.” पासष्ट हजारांचा. दिराचा मुलगा म्हणाला, “काकी, आय-७ टाकू, ३२ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळेल.” आमचे हे म्हणाले, “चालतंय ना? मग कशाला?” तिघांची तीन मतं, पण त्यावर काम काय होतं, हे एकानेही मला विचारलं नाही.

मी १९८१ ची बी.कॉम. ताळेबंद बघितल्याशिवाय धंदा बुडाला असं म्हणू नये, एवढं नक्की शिकले आहे. दुसऱ्या दिवशी टॅली, झूम आणि ब्राउझरची पाच-सहा पानं एकदम उघडली आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली. टास्क मॅनेजर उघडतो. संगणकाची खतावणीच म्हणा ना. मेमरी ९३ टक्के, डिस्क १०० टक्के, आणि ज्या प्रोसेसरच्या नावाने सगळे बोटं मोडत होते तो पन्नाशीच्या आसपास.

स्वयंपाकघरातलं सांगते. प्रोसेसर म्हणजे काम करणारे हात, रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा एवढासा असला की दर मिनिटाला डबा कोठीत ठेवायचा, दुसरा आणायचा. तिथे आणखी एक महाराज आणून ठेवला तर तोही कोठीच्या दाराशी उभाच राहणार. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: संगणक हळू झाला की आधी रॅम आणि डिस्क बघा, प्रोसेसर सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा इंटेल असेल तर रॅमची एक पट्टी वाढवा, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा आणि तिथेच थांबा.

पिढी कशी ओळखायची? नावातल्या आकड्यावरून. आय-३ ४१३० म्हणजे चौथी, आय-५ ८४०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढे चालते; बोर्डावर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. माझा आय-३ चौथा. बँकेचे पासवर्ड ज्या यंत्रावर टाकते ते सुरक्षेच्या अपडेटशिवाय ठेवायला माझं मन तयार होईना. म्हणजे मला प्रोसेसर बदलणं भागच होतं.

आणि इथे खरी गोम आहे. प्रोसेसर एकटा बदलत नाही. नव्या पिढीचा सॉकेट वेगळा, म्हणून बोर्ड बदलतो. बोर्ड बदलला की रॅमची जातही बदलते. डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाचेची जागाच वेगळी असते. हे मला २०२२ मध्ये कळलं होतं, फी भरून. तेव्हा मीच ऑनलाइन ८ जीबीची पट्टी मागवली, आली डीडीआर-४, आमचा बोर्ड डीडीआर-३. चूक माझीच, मी नीट वाचलं नव्हतं. परत करायची मुदत लग्नाच्या गडबडीत उलटून गेली. ती पट्टी साड्यांच्या कपाटात पडून राहिली, आणि यांना वर्षातून दोनदा तिची आठवण यायची.

प्रोसेसर मी आय-३ १२१०० ठरवला. २०२२ साली आलेला, चार कोअर. एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला असता तरी चाललं असतं. एक अक्षर मात्र सांभाळा. एका कोटेशनमध्ये ‘१२१०० एफ’ लिहिलं होतं, बऱ्यापैकी स्वस्त. त्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावलं नाही तर पडदा काळाच. स्वस्त का, हे विचारलं म्हणून कळलं. जुना मॉनिटर ठेवणार असाल तर नव्या बोर्डावर त्याच्या केबलची जागा आहे का, तेही विचारा.

पुतण्याच्या आय-७ ला मी नाही म्हटलं, ते पैशांपेक्षा उन्हामुळे. त्याने सांगितलेला १४७००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत जातो, माझा १२१०० फक्त ८९ पर्यंत. आपल्या वरणगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्यात खोलीत आणखी एक शेगडी कशाला?

नणंदबाई म्हणाल्या, “परिग्रहावर लिहितेस आणि हे काय चाललंय?” प्रश्न खरा होता. पण श्रावकाचं पाचवं अणुव्रत परिग्रह-परिमाण आहे. किती, हे आधी ठरवायचं आणि तिथे थांबायचं. मी १६ जीबी ठरवले होते, ८ च्या दोन पट्ट्या. कारण आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं आणि दोन पट्ट्यांनी ते वेगाने चालतं. ३२ माझ्या कामाला कधी लागणार नाहीत.

पण मी ठरवत बसले. चार ठिकाणी भाव काढले, वह्या भरल्या. दिवाळीनंतरचं कोटेशन संक्रांतीनंतर घेऊन गेले तर त्याच पट्टीचा भाव जवळजवळ दुप्पट! जगभर एआयची मोठमोठी डेटा सेंटरं उभी राहताहेत, मेमरी तिकडे ओढली जाते आहे. क्रुशल नावाने घरगुती रॅम विकणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये तो धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या चिकित्सेची किंमत मला मोजावी लागणार होती. रात्री झोप येईना आणि मग कपाटातली पट्टी आठवली. डीडीआर-४, ८ जीबी, पाकीटही फोडलेलं नव्हतं. डीडीआर-४ चा बोर्ड घेतला, ती बसवली आणि दुसरी खाच रिकामी सोडली. यांनी एक शब्द काढला नाही.

कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड जुनेच. अकरा वर्षांचा पॉवर सप्लाय ठेवू नकोस, हे मुलाचं मात्र मी ऐकलं. उघडण्याआधी मुंग्या, कोळी आहेत का ते बघून पूंजणीने हळूच बाजूला केले. मैत्रिणींनो, थेट ब्लोअर लावू नका, जयणा ठेवा. एसएसडीसकट सगळं एकवीस हजारांच्या आत बसलं, माझ्या ठेवीच्या व्याजातून. जुन्या यंत्राचं वाईट वाटून घेऊ नका. संगणकावर घसारा ४० टक्के. तीस हजारांच्या यंत्राची पुस्तकी किंमत अकरा वर्षांत सव्वाशे रुपयांच्याही आत येते. जुना बोर्ड मात्र भंगारवाल्याला देणार नाही, तांब्यासाठी तारा जाळतात. ई-कचरा घेणाऱ्याकडेच जाईल.

काल मंडळाचा वार्षिक हिशेब करताना पुन्हा तीन बटणं दाबली. मेमरी ७१ टक्के. दुसऱ्या पट्टीचं भाव उतरल्यावर बघू.