शाळांची तुलना करताना बसची मिनिटंही मोजा

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला मॅकडॉवेल नावाची काउंटी आहे. सगळा डोंगराळ मुलूख, अरुंद दऱ्या, आणि ओढ्यांच्या काठाकाठानं कोळशाच्या खाणींभोवती वसलेली गावं. १९५० मध्ये इथं जवळपास ९९ हजार लोक राहत होते. २०२० च्या जनगणनेत १९,१११ उरले. खाणींत यंत्रं आली, पुढं खाणीच बंद पडत गेल्या आणि कामाच्या शोधात माणसं बाहेर पडली. शाळाही एकेक करून मिटल्या. २०१० मध्ये बिग क्रीक आणि येगर ही दोन हायस्कुलं एकत्र करून ब्रॅडशॉला रिव्हर व्ह्यू हायस्कूल सुरू झालं. त्यानंतर काउंटीत सरकारी हायस्कुलं दोनच राहिली: रिव्हर व्ह्यू आणि वेल्च गावातलं माउंट व्ह्यू.

दोनच शाळा, म्हणजे तुलना सोपी असं कुणालाही वाटेल. गणितात कोण पुढं, वाचनात कोण मागं, शिक्षण पूर्ण करून किती बाहेर पडले, असे तीन आकडे शेजारी मांडले की निकाल तयार. वेस्ट व्हर्जिनियानं २०१६ मध्ये एक पाऊल पुढं टाकलं आणि राज्यातल्या प्रत्येक शाळेवर ‘ए’ ते ‘एफ’ यांपैकी एक अक्षर चिकटवलं. वर्षभरातच ही पद्धत गुंडाळली गेली. ते योग्यच झालं. एका अक्षरात शाळा मावत नाही, आणि मॅकडॉवेलसारख्या भागात तर त्या अक्षराचा बराचसा भाग शाळेच्या कुंपणाबाहेर ठरलेला असतो.

केनेडींच्या काळात, १९६१ मध्ये, गरिबांना अन्नखरेदीसाठी मदत देणाऱ्या, नव्यानं सुरू झालेल्या फूड स्टॅम्प योजनेचं पहिलं लाभार्थी कुटुंब याच काउंटीतलं होतं: काम गेलेला खाणकामगार, त्याची बायको आणि मुलं. म्हणजे इथली गरिबी साठ वर्षांहून जुनी आहे. अलीकडच्या काळात त्यात वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाची भर पडली. कितीतरी मुलं आईवडिलांपाशी नाहीत, आजीआजोबांकडं वाढतात. २००१ मध्ये राज्य सरकारनं इथल्या शाळांचा कारभार स्थानिक मंडळाकडून काढून घेतला आणि तो परत दिला २०१३ मध्ये. एवढी वर्षं कारभार थेट राजधानीतून चालला, तरी त्यानं गरिबी हटली नाही.

रिव्हर व्ह्यूमध्ये विलीन झालेल्या बिग क्रीक शाळेचं नाव जगाला एका वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे. १९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात गेला आणि कोलवूड या खाणगावातल्या काही मुलांनी घरगुती अग्निबाण बनवायला घेतले. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका फ्रीडा रायली त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९६० मध्ये ही मुलं राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात पारितोषिक घेऊन आली. त्यांच्यातला होमर हिकम पुढं नासात अभियंता झाला. त्याच्या आठवणींवर १९९९ मध्ये ‘ऑक्टोबर स्काय’ हा चित्रपट निघाला. छोट्या, आडवळणी शाळेत एक शिक्षिका मुलांना नावानं, घरदारासकट ओळखत होती. हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

एकत्रीकरणाच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे. दोन शाळा एकत्र आल्या की प्रयोगशाळा बरी होते, विषय वाढतात, भौतिकशास्त्राला वेगळा शिक्षक मिळू शकतो. पण क्रेग हाऊली या संशोधकानं १९९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्याच शाळांचा अभ्यास करून दाखवलं, की मोठ्या शाळेचा फायदा सुखवस्तू भागांना होतो आणि गरीब भागांतली मुलं लहान शाळांत जास्त बरी शिकतात. तरीही १९९० नंतरच्या बारा वर्षांत राज्यानं तीनशेहून जास्त शाळा बंद केल्या. हायस्कूलच्या मुलाचा बसप्रवास एका बाजूनं तासाभरापेक्षा जास्त नसावा, असा राज्याचाच दंडक. डोंगरी काउंट्यांत तो कितीतरी मुलांच्या बाबतीत मोडला गेला. पहाटे अंधारात बसची वाट पाहणाऱ्या मुलाला शाळा सुटल्यावर बँड, खेळ, जादा तास यांतलं काय मिळणार? तीन विषय वाढले, पण संध्याकाळची बस चुकेल म्हणून मूल थांबूच शकत नसेल, तर ते विषय कागदावरच वाढले.

दुसरा मुद्दा शिक्षकांचा. मॅकडॉवेलमध्ये शिक्षक येतात आणि जातात, कारण त्यांना राहण्याजोगं घर मिळत नाही. अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या संघटनेनं २०११ च्या अखेरीस इथं बऱ्याच संस्थांना बरोबर घेऊन काम सुरू केलं, तेव्हा त्यात शिक्षकांसाठी घरं बांधण्याची योजनाही होती. वेल्चमध्ये इमारत उभी राहायला पुढं कित्येक वर्षं गेली. शिक्षणसुधारणेच्या चर्चेत घरभाडं क्वचितच निघतं, पण खेड्यातली शाळा टिकते ती यावरच. २०१८ मध्ये राज्यातल्या पंचावन्नही काउंट्यांतले शिक्षक पगारासाठी संपावर गेले, तेव्हा शाळेच्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी त्यांनी आधी खाण्याच्या पिशव्या भरून ठेवल्या. ए ते एफमधलं कुठलं अक्षर हे मोजणार?

महाराष्ट्राला हे दूरचं वाटू नये. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा १४,७८३ आणि त्यांत शिकणारी मुलं एक लाख पंच्याऐंशी हजारांवर. समोर उदाहरणं ठेवली होती ती पानशेत आणि तोरणमाळची. एखाद्या ठिकाणी हा प्रयोग जमेलही. पण तोरणमाळचा घाट आणि मावळातली पावसाळी वाट पटसंख्येच्या रकान्यात दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रस्तावाला आणखी चार रकाने जोडायला हवेत: सगळ्यात लांबच्या वाडीतून शाळेपर्यंत लागणारी मिनिटं, जुलै-ऑगस्टमध्ये गाडी बंद राहिलेले दिवस, गावात मुक्कामी असलेले शिक्षक, आणि शाळा लांब गेल्यावर वर्षभरात गळालेल्या मुली. हे रकाने भरल्याशिवाय कोणत्याही अधिकाऱ्यानं त्या कागदावर सही करू नये.