गोल्फचा पोशाख

आमची एक भाची यजमानांच्या नोकरीमुळें सेऊल शहरीं राहते. तेथील मैत्रिणींनीं तिला गोल्फ खेळावयास बोलाविलें. खेळाच्या काठ्या उसन्या मिळाल्या, परंतु पोशाखाची किंमत ऐकून तिचा धीर खचला, आणि “जावें कीं नको?” असें तिनें आम्हांस विचारलें. नांवाजलेल्या छापाचा एक सदरा शंभर डॉलरांच्या पुढें. ज्याच्या आंत चड्डी शिवलेली असते असा आंखूड स्कर्ट, ज्यास ‘स्कोर्ट’ म्हणतात, तोहि तसाच. म्हणजे एकेका वस्त्रास आपले जवळजवळ दहा हजार रुपये! टोपी, हातमोजा व बूट निराळे. साध्या दुकानांत असेंच वस्त्र याच्या चौथाई किंमतीस मिळतें, आणि चेंडूला दोहोंतील भेद कळत नाहीं.

दक्षिण कोरियांत २०२० नंतर, साथीमुळें परदेशप्रवास बंद असतां, विशी-तिशींतील पुष्कळ स्त्रिया या खेळाकडे वळल्या. मैदानावर गेलें कीं छायाचित्र काढावयाचें, तें चारचौघांना दाखवावयाचें, आणि पुढच्या खेपेस तोच पोशाख दिसला तर संकोच! तेव्हां खेळाचे कपडे भाड्यानें देणारेहि निघाले. आम्हीं त्यांस हंसावें असें मात्र नाहीं. गेल्या लग्नांतील शालू या लग्नांत नको, हें वाक्य आमच्या माजघरांत अनेकदां ऐकूं आलें आहे.

पूर्वीं स्त्रियांनीं याच खेळाची किंमत निराळ्या नाण्यांत दिली. १८९० सालीं लॉर्ड वेलवुड यांचें मत असें, कीं स्त्रियांनीं काठी खांद्यावर उचलूं नये, कारण त्यांच्या पोशाखांत तें शोभत नाहीं. पोशाख बदलावा हें सुचावयाचें सोडून खेळच आंखूड केला! पुढें वाऱ्यानें घोळदार झगा उडूं नये म्हणून त्याभोंवतीं लवचिक पट्टा बांधीत. त्यास ‘मिस हिगिन्स’ असें नांव होतें. १९३३ सालीं ग्लोरिया मिनोप्रिओ ही बाई इंग्लिश अजिंक्यपदाच्या सामन्यास विजार घालून, आणि अवघी एक काठी घेऊन उतरली. ती हरली, पण तेथील स्त्रियांच्याच गोल्फ-संघानें नापसंती दर्शविली ती विजारीविषयीं.

नियम अद्यापि संपले नाहींत. अमेरिकेंतील व्यावसायिक स्त्री-खेळाडूंच्या संघानें २०१७ सालीं खोल गळे, नुसत्या लेगिंग्ज व फार आंखूड स्कर्ट यांस मनाई करून पहिल्या चुकीस एक हजार डॉलर दंड ठरविला. हे नियम कोणास जाचक वाटोत. पण ते पाळावयास फारसा पैसा लागत नाहीं. अनेक क्लबांत कॉलरचा सदरा व नीटनेटकी विजार असली म्हणजे भागतें. खिसा रिकामा होतो तो छापासाठीं. क्लबाचा नियम कोणता आणि मैत्रिणींचा डोळा कोणता, हें आधीं वेगळें करून पाहा, असें आम्हीं भाचीस कळविलें. विजारीला खरे खिसे आहेत कीं नुसती शिवण, हेंहि पाहावयास सांगितलें. चेंडू कोठें ठेवावयाचा?

तिनें साधा पांढरा सदरा घेतला, विजार घरचीच नेसली, आणि ती गेली. पहिले दोन चेंडू तळ्यांत बुडाले, असें ती लिहिते. पुढच्या रविवारीं पुन्हां बोलावणें आहे, सदरा तोच.