देवामागची भिंत

श्रावण उतरणीला लागला की कोकणातल्या घराघरांत ठरावीक लगबग सुरू होते. माटवी झाडूनपुसून ठेवली जाते, पितळेच्या समया चिंचेने लख्ख होतात, आणि ज्या चौरंगावर गणराय बसावयाचे त्यामागच्या भिंतीला चुन्याचा हात दिला जातो. त्या पांढऱ्या भिंतीवर घरातल्याच कुणीतरी कुंचल्याने वेल, कमळे, मोर, कलश काढावेत, ही सिंधुदुर्गाकडील अनेक घरांची परंपरा. आमच्या घरी हे काम थोरल्या काकांकडे होते. ते काही चित्रकार नव्हते. त्यांचा मोर कित्येकदा कोंबड्यासारखा दिसे, आणि आम्ही मुले हसलो की तेही हसत. पण चतुर्थीच्या पहाटे समईच्या उजेडात ती भिंत पाहिली की आता देव यावयाचे, याची मनाला खूण पटे.

काका गेले आणि पुढच्या वर्षी आम्ही शहरातून छापील पडदा आणला. त्यावर महाल होता, कारंजी होती, सोनेरी ॐ होता. आईने तो पाहिला आणि एवढेच म्हणाली, “देव दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखो दिसता रे.” मला तेव्हा ते म्हातारपणचे हळवेपण वाटले. मात्र पुढच्या पावसाळ्यात तोच पडदा पडवीत सरपणावर झाकलेला आढळला. ॐकारावर चिखलाचे पाय उमटले होते. हे आमच्याच हातून झाले होते. दोष द्यावयास दुसरे कुणी नव्हते. त्या वर्षी, वयाच्या पन्नाशीत, मी प्रथमच कुंचला हाती धरला.

हा अनुभव सांगण्याचे कारण एवढेच की, आज अनेक भाविक घरांत हेच घडत आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंवर निर्बंध आणले, आणि थर्मोकोलच्या मखरांऐवजी पुष्कळ ठिकाणी छापील पडदे आले. देवाची आरास विकत आणावयाची वस्तू झाली. “आम्हांला चित्र येत नाही,” हे त्याचे नेहमीचे समर्थन. माझे म्हणणे असे की, या कामापुरते चित्र कुणालाही येऊ शकते, आणि ते शिकणे हे उत्सवाचेच अंग मानावे.

आपल्या परंपरेने या शिकण्याला कधी हलके लेखले नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला चित्रविद्या समजावून सांगतात. ती सर्व कलांत श्रेष्ठ आणि घराला मंगल आणणारी मानलेली आहे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर गोल, सरळ, सारख्या अंतराचे असावे, आणि ग्रंथ आरंभापासून अखेरीपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा, इतक्या बारकाव्याने त्यांनी सांगितले आहे. हाताला वळण लावणे हा त्यांच्या दृष्टीने परमार्थाच्या बाहेरचा विषय नव्हता. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा पिढ्यान् पिढ्या जपली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढणारी आजीही याच मार्गावरची.

आता नवशिक्याने आरंभ कसा करावा? पहिले चार दिवस रंगाला हात लावू नये. मुलाची दगडी पाटी घ्यावी, कुंचला साध्या पाण्यात बुडवावा आणि पाटीवर रेघा ओढाव्यात. पाणी वाळते, रेघ पुसली जाते, आणि चुकीची लाज राहत नाही. गोल कुंचल्याचे टोक टेकवावे, हळूच दाबावे म्हणजे केस पसरतील, मग स्वतःकडे ओढत दाब कमी करीत उचलून घ्यावे. एका टोकाला भरलेली, दुसऱ्या टोकाला निमुळती अशी एक पाकळी उमटेल. हीच पाकळी दोन्ही बाजूंना झुकवून काढली की कमळ होते, दांडीला जोडली की पान होते, ओळीने मांडली की वेल चालू लागते. भिंतीवरील आराशीचा मोठा भाग या एका फटकाऱ्यात सामावलेला आहे.

लांब रेघ मनगटाने ओढू नये, खांद्यापासून हात हलवावा आणि करंगळी भिंतीला हलकी टेकवावी. चौकटीसाठी दोरीला कोरडा गेरू लावून दोघांनी ती ताणून धरावी व मध्ये ओढून सोडावी. सरळ ठसा उमटतो. घरातल्या लहान मुलाला हे काम द्यावे. त्याला यासारखा आनंद नाही.

रंगांचे म्हणाल तर चुना, गेरू, काव आणि काजळी यांवर पहिले वर्ष सहज निभते. गेरू व काव यांना चुन्याचा त्रास नाही. चुन्याच्या भिंतीवर ते टिकतात. रंग वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवावा. डिंक कमी पडला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात. म्हणून आधी भिंतीच्या कोपऱ्यात तपासून पाहावे. जुन्या पोथ्यांतील हरताळ व हिंगूळ यांचा मोह मात्र टाळावा. हरताळात सोमल असतो, हिंगुळात पारा असतो. मुलाबाळांच्या घरात ते नकोत. कुंचला घेताना तो मुंगसाच्या केसांचा नाही ना, हे विचारून घ्यावे. वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये मुंगसाची शिकार आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. आणि देवाच्या आराशीसाठी मुक्या जिवाची हत्या कुणाला रुचेल? नायलॉनचे कुंचले या कामाला उत्तम चालतात. काम झाल्यावर कुंचला धुऊन आडवा वाळवावा. पाण्याच्या भांड्यात केसांवर उभा ठेवल्यास तो कायमचा वाकतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, देवासमोर वेडेवाकडे चित्र काढणे हा दोष नाही काय? मूर्तीला लक्षणे असतात, हे खरेच. पेणच्या कारखान्यांतसुद्धा गणपतीच्या डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडे सोपवितात. म्हणूनच नवशिक्याने देवतेचे रूप काढण्याची घाई करू नये. ते मूर्तिकाराकडे राहू द्यावे, आणि त्याची मेहनत घासाघीस न करता द्यावी. आपण वेल, कमळ, कलश, स्वस्तिक एवढेच काढावे. तो अलंकार आहे. त्यातली कसर देव पोटात घालील.

दुसरा आक्षेप वेळेचा. नोकरी करणाऱ्या गृहिणीला, शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला हे कसे जमावे? ही अडचण खरी आहे, आणि सारा भार पुन्हा घरातल्या स्त्रीवरच पडणार असेल तर असले आवाहन न केलेले बरे. पण संपूर्ण भिंतच हवी असे कुठे आहे? भाड्याच्या घरात जाड पुठ्ठा किंवा खादीचे कापड भिंतीला टेकवून त्यावर चार बोटांची किनार काढली तरी पुरे. जेवणानंतरची अर्धी घटका, पंधरा दिवस, आणि घरातल्या प्रत्येकाकडे एक बाजू. आमच्याकडे आता मुलगा चौकट आखतो, सून पाकळ्या काढते, मी वेल ओढतो आणि नात मध्ये ठिपके देते.

माझी वेल अजूनही मध्येच जाड, मध्येच बारीक होते. पहिल्या वर्षी ती पुसून टाकावी असे मनात आले होते. आईने थांबविले. भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “आता आपलो वाटता.”

चतुर्थीला अद्याप अवकाश आहे. घरात पाटी असेल, कुंचला दुकानात मिळतो, पाणी नळाला आहे. आज सायंकाळी देवापुढे दिवा लावल्यावर मुलांना जवळ घेऊन पहिली पाकळी काढून पाहावी. ती वाकडी येईल. उद्या पुन्हा काढावी.