खप आणि कस

बीटल्सची लोकप्रियता हा त्यांच्या कलेचा पुरावा मानावा काय? खपाचा आकडा मागणी सांगतो, कस नव्हे. (लोकप्रिय ते उथळ, हे आपल्या विद्वानांचे समीकरणही त्याच आकड्यावर विसंबते!) एप्रिल १९६४ मध्ये अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीतील पहिली पाचही स्थाने या चौघांच्या गीतांची होती, त्यात जाहिरातीचा वाटा किती, हे सांगणे कठीण. परंतु ऑगस्ट १९६६ नंतर, मागणी ओसरली नसतानाही, त्यांनी दौरेच थांबविले. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचेच वादन ऐकू येत नसे. हमखास उत्पन्नावर कोणता व्यापारी असे पाणी सोडील? पुढे ध्वनिमुद्रणगृहात महिनोन्‌महिने खपून १९६७ साली त्यांनी ‘सार्जंट पेपर’ ही तबकडी सिद्ध केली. तिच्यातील एका गीतात हॅरिसनखेरीज उरलेले तिघे वाजवीतच नाहीत. साथीला आहेत दिलरुबा आणि तबला. अशा गीताची मागणी बाजाराने कधी नोंदविलेली नव्हती.