डीव्हीडी प्लेअरला हार्ड डिस्क जोडताना

बडोद्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घरातला जुना डीव्हीडी प्लेअर अजून ठणठणीत आहे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. रिमोटची चार बटणे त्यांना पाठ आहेत आणि पाचवे शिकण्याची त्यांची तयारी नाही. कपाटात पन्नासएक डिस्क आहेत : मुलांच्या मुंजी, नणंदेचे लग्न, सासऱ्यांची पंचाहत्तरी. सासरे आता नाहीत. त्यांचा आवाज त्या एका डिस्कवरच उरला आहे आणि नेमकी तीच डिस्क अडकू लागली आहे. प्लेअरला पुढच्या बाजूस यूएसबी पोर्ट आहे. दुकानदार म्हणतो, दोन टेराबाइटची हार्ड डिस्क घ्या, सगळे त्यात भरा आणि लावून टाका. घ्यावी का?

दुकानदाराचा सल्ला अर्धा बरोबर आहे. डिस्क उतरवून घ्यायला हव्यात आणि त्याही लवकर. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या डीव्हीडीवर चित्र साठवणारा रंगाचा पातळ थर असतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो हळूहळू खराब होतो. परंतु दोन टेराबाइटची डिस्क आणून प्लेअरला लावली, तर पडद्यावर बहुधा ‘नो यूएसबी’ किंवा ‘एरर’ एवढेच दिसेल. आजची हार्ड डिस्क आजच्या संगणकासाठी बनलेली असते. जुन्या प्लेअरची भूक लहान आणि भाषा जुनी. तेव्हा डिस्क निवडायची ती प्लेअरला विचारून, दुकानातल्या फळीकडे पाहून नव्हे.

आधी प्लेअरची परीक्षा

खर्च करण्यापूर्वी घरातला एखादा पेन ड्राइव्ह घ्या. त्यात नमुन्यादाखल चार-पाच गोष्टी भरा : एखाद्या डीव्हीडीमधली फाइल, एक एव्हीआय चित्रफीत, मोबाइलवर काढलेला एक व्हिडिओ, दोन गाणी आणि दोन फोटो. हा पेन ड्राइव्ह प्लेअरला लावा आणि काय चालते, काय चालत नाही ते कागदावर लिहून ठेवा. पेन ड्राइव्हच ओळखला गेला नाही, तर तो दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करून पाहा (त्याविषयी पुढे येईलच). तरीही जमले नाही, तर हार्ड डिस्कचा विचार सोडून द्यावा.

प्लेअरसोबत आलेले माहितीपुस्तक सापडले तर उत्तम. काही पुस्तकांत स्पष्ट लिहिलेले असते की हा पोर्ट फक्त पेन ड्राइव्हसाठी आहे. काहींत किती क्षमतेपर्यंतची डिस्क चालेल तेही दिलेले असते. पोर्टच्या आसपास किंवा मागच्या पट्टीवर ‘५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर’ असा मजकूर असेल, तर तोही टिपून घ्यावा.

विजेचे गणित

खिशात मावणाऱ्या अडीच इंची हार्ड डिस्कला स्वतंत्र वायर नसते. ती वीज पोर्टमधूनच घेते. जुन्या यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर वीज द्यावी असा नियम आहे. पुढच्या, म्हणजे निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० पोर्टसाठी तो आकडा ९०० मिलिअँपिअर झाला. आजच्या बहुतेक डिस्क या दुसऱ्या आकड्याच्या भरवशावर बनतात. शिवाय चकती फिरू लागताना पहिले काही क्षण तिला जास्त जोर लागतो. सायकलचे पहिले पायडल जड जाते तसेच हे. प्लेअर तेवढी वीज देऊ शकला नाही, की डिस्कमधून टक्-टक् आवाज येतो, दिवा मिचमिचतो आणि पडद्यावर काही उमटत नाही. असा आवाज आला तर डिस्क लगेच काढावी. पुन:पुन्हा लावून पाहू नये, त्याने तिचेच नुकसान होते.

यावर मार्ग तीन. पहिला, साडेतीन इंची मोठी डिस्क. तिला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असतो, त्यामुळे प्लेअरवर भार पडत नाही. मात्र जागा जास्त लागते आणि आणखी एक प्लग अडतो. दुसरा, चकती नसलेली एसएसडी. तिच्यात फिरणारे काही नसल्यामुळे सुरुवातीचा झटकाही नाही. तिसरा म्हणजे दोन तोंडांची केबल. तिचे एक तोंड प्लेअरमध्ये आणि दुसरे चार्जरमध्ये जाते. काही घरी ती वापरतात, परंतु दोन ठिकाणची वीज एकत्र येत असल्यामुळे हा शेवटचा उपाय समजावा.

पोर्टच्या वेगाची चौकशीही करून ठेवावी. अगदी जुन्या काही प्लेअरचा पोर्ट यूएसबी १.१ प्रकारचा असतो. त्याची मर्यादा सेकंदाला १२ मेगाबिट. डीव्हीडीचे चित्र-ध्वनी मिळून सेकंदाला १० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतात. कागदावर हे पुरेसे दिसते, पण प्रत्यक्षात बरीचशी क्षमता देवाणघेवाणीतच जाते आणि चित्र धक्के खात चालते. अशा प्लेअरला कितीही महागडी डिस्क लावली तरी फरक पडणार नाही.

फॉरमॅट म्हणजे डिस्कची लिपी

हार्ड डिस्कवरील माहिती कोणत्या पद्धतीने मांडलेली आहे, त्याला फॉरमॅट म्हणतात. मजकूर तोच असला तरी मोडी न येणाऱ्याला मोडीतले पत्र वाचता येत नाही, तसा हा प्रकार. बहुतेक डीव्हीडी प्लेअरना एकच लिपी येते, ती म्हणजे फॅट-३२. ही पद्धत १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. योगायोग असा की जपानमध्ये पहिले डीव्हीडी प्लेअर विक्रीला आले तेही १९९६ सालीच. आज दुकानात मिळणाऱ्या डिस्क मात्र एनटीएफएस किंवा एक्स-फॅट या पद्धतींनी तयार होऊन येतात. संगणक त्या सहज वाचतो, प्लेअरला त्या कोऱ्या दिसतात. ‘डिस्क खराब निघाली’ म्हणून परत नेल्या जाणाऱ्या कित्येक डिस्क मुळात चांगल्या असतात. त्या फक्त चुकीच्या लिपीत असतात.

म्हणून घेतानाच दुकानदाराला सांगावे, ‘फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून द्या आणि विभागणी एमबीआर पद्धतीची ठेवा.’ विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ गिगाबाइटहून मोठ्या डिस्कसाठी हा पर्याय वर्षानुवर्षे दाखवला जात नसे. त्यामुळे ‘होत नाही’ असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. ते होते, त्यासाठी वेगळे मोफत प्रोग्रॅम मिळतात. एक लक्षात ठेवा : फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचे आधीचे सारे पुसले जाते. आधी फॉरमॅट आणि मग भरणे, हा क्रम कधीही उलटा करू नये.

फॅट-३२ ची एक अडचण आहे. तिच्यात एक फाइल चार गिगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. घरगुती डीव्हीडीला ही अडचण येत नाही, कारण डीव्हीडीवरील चित्रपट मुळातच एकेक गिगाबाइटपर्यंतच्या तुकड्यांत साठवलेला असतो.

किती मोठी घ्यावी?

साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट माहिती मावते. पन्नास डिस्क अगदी काठोकाठ भरलेल्या असल्या, तरी हिशेब २३५ गिगाबाइटचा होतो. म्हणजे बडोद्याच्या घराला २५० गिगाबाइट जेमतेम पुरते आणि ५०० गिगाबाइट भरपूर झाले. दोन टेराबाइटमध्ये अशा चारशेहून अधिक डिस्क मावतील. तेवढे समारंभ एका घरात होत नाहीत!

मोठ्या डिस्कचा तोटा केवळ पैशांचा नाही. प्लेअर सुरू झाला की तो आधी डिस्कवरील सगळी यादी वाचतो. यादी जितकी लांब, तितका वेळ पडदा कोरा राहतो आणि घरातील ज्येष्ठांना वाटते की बिघडले. काही प्लेअर ठरावीक संख्येपुढच्या फाइली दाखवतच नाहीत. दोन टेराबाइटहून मोठ्या डिस्कची विभागणी तर वेगळ्याच पद्धतीने करावी लागते. ती या प्लेअरना समजत नाही.

आज नव्या डिस्क बहुधा एक टेराबाइटपासून पुढेच मिळतात. परंतु बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉपमधली ३२० किंवा ५०० गिगाबाइटची डिस्क काढून तिला यूएसबीची केसिंग बसवता येते. डिस्क आधी तपासून घ्यावी आणि चांगली निघाली तर या कामाला ती उत्तम. पाच-सहा डिस्कच उतरवायच्या असतील, तर ३२ गिगाबाइटचा पेन ड्राइव्हही पुरतो. तो वीज कमी खातो आणि आवाजही करत नाही. ज्यांच्या घरी नवा चपटा टीव्ही आहे, त्यांनी टीव्हीच्या मागचा यूएसबी पोर्ट आधी पाहावा. पुष्कळ टीव्ही नव्या लिप्या वाचतात आणि मग प्लेअरचे कामच उरत नाही.

डिस्कमध्ये भरायचे कसे?

कामाला आरंभ करावा तो अडकणाऱ्या डिस्कपासून. मऊ, कोरड्या सुती कापडाने ती मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल-गोल पुसू नये, टूथपेस्ट वगैरे लावू नये. नंतर ती संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घालावी. प्लेअर जिथे अडतो तिथे संगणकाचा ड्राइव्ह पुष्कळदा पुढे जातो. एका ड्राइव्हवर जमले नाही, तर दुसऱ्यावर प्रयत्न करावा.

डिस्कवर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल. त्यातील मोठमोठ्या व्हीओबी फाइली म्हणजेच खरा समारंभ. त्या उतरवून घ्याव्यात. काही प्लेअर यूएसबीवरून व्हीओबी हे नाव ओळखत नाहीत. अशा वेळी उतरवलेल्या प्रतीच्या नावाचे शेपूट बदलून एमपीजी केले, की पुष्कळदा तीच फाइल चालू लागते. आतले चित्र दोन्हींत एकाच जातीचे असते. दोन तुकड्यांच्या मध्ये क्षणभर खंड पडेल, तेवढे चालवून घ्यावे.

मोबाइलवरील व्हिडिओ मात्र बहुधा चालणार नाहीत. मोबाइल ज्या नव्या पद्धतीने चित्र दाबून साठवतो, ती जुन्या प्लेअरला येत नाही. अ‍ॅव्हिडेमक्ससारख्या मोफत प्रोग्रॅमने ते एक्सव्हिड पद्धतीच्या एव्हीआयमध्ये आणि आवाज एमपी-३ मध्ये बदलून घ्यावा लागेल. बाजारातील चित्रपटांच्या डिस्कवर कुलूप असते. ते तोडून प्रती काढण्याच्या भानगडीत पडू नये. येथे विषय आपल्या घरच्या डिस्कचा आहे.

नावे देताना थोडी काळजी घ्यावी. देवनागरी नावांच्या जागी पुष्कळ प्लेअर चौकोन दाखवतात. इंग्रजी अक्षरांत छोटी नावे द्यावीत आणि आधी ०१, ०२ असे आकडे घालावेत. प्रत्येक समारंभाचा वेगळा फोल्डर करावा. आकड्यांची यादी मोठ्या मराठी अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून टीव्हीशेजारी टांगली, की रिमोटची चार बटणे ठाऊक असणाऱ्यांनाही कोणाला हाक मारावी लागत नाही.

थाळी आणि कोठार

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून शेवटी. प्लेअरला लावलेली डिस्क ही थाळी समजावी, कोठार नव्हे. हार्ड डिस्क पुष्कळदा सूचना न देता बंद पडते. पडली, धक्का लागला, नातवाने चालू असताना ओढली, एवढेही पुरते. डीव्हीडी अडकत-अडकत का होईना काही दाखवते. हार्ड डिस्क गेली की पन्नासच्या पन्नास समारंभ एका क्षणात जातात. सगळे एका ठिकाणी आणण्याचा हा धोका आहे आणि तो दुकानदार सांगत नाही.

म्हणून प्रती दोन कराव्यात. एक प्लेअरला लावण्यासाठी. दुसरी वेगळ्या डिस्कवर, तीही शक्यतो वेगळ्या घरात : बहिणीकडे, भावाकडे, गावाला. त्या दुसऱ्या डिस्कचा फॉरमॅट कोणताही चालेल, ती प्लेअरला लावायची नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत म्हणा, ती संगणकाला लावून चालते की नाही ते पाहावे. मूळ डीव्हीडीही फेकू नयेत. कापडी पिशवीत न कोंबता डब्यांत उभ्या ठेवाव्यात, खिडकीपासून दूर.

दोन टेराबाइटच्या एका डिस्कचे पैसे जमवले असतील, तर त्याच पैशांत दोन लहान साधने बसतात का ते आधी पाहा. प्लेअर आज ना उद्या बंद पडेल आणि त्याच्या जागी दुसरे काही येईल. माणसाचा आवाज मात्र पुन्हा भरून घेता येत नाही. तो दोन ठिकाणी असला, म्हणजे निश्चिंतपणे प्ले बटण दाबावे.