जखमेचा जमाखर्च

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे रेणुकादेवीचे गाव. येथील एखाद्या भुसार व्यापाऱ्याच्या पायाला मधुमेहामुळे जखम झाली, तर घरच्या वहीत औषधांचा खर्च तेवढा नोंदला जातो. परभणी-नांदेडच्या गाडीचे भाडे, सोबत जाणाऱ्या मुलाचा मोडलेला दिवस, बाजाराच्या दिवशी बंद राहिलेले दुकान आणि पाऊल गमावल्यावर घरी बसलेला कर्ता पुरुष, या नोंदी कोठेच होत नाहीत. वस्तुतः खरी रक्कम तीच असते.

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. वहाण चावली, खडा रुतला तरी कळत नाही. माणूस चालत राहतो आणि जखम खोल जाते. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करताना वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की अशी जखम चिघळते ती मुख्यतः तिच्यावर पुनःपुन्हा पडणाऱ्या भारामुळे. म्हणूनच जखमेच्या शुश्रूषेचे विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका केवळ पट्टी बदलत नाही. जखमेवरचा भार कसा टाळावा, ओलावा किती राखावा, रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे केव्हा धाडावे, हे ती ओळखते. कोरडी जाळीची पट्टी ओढून काढली की नवी त्वचाही निघून येते. योग्य पट्टी निवडली तर ती रोज बदलावीही लागत नाही. फेऱ्या वाचतात त्या येथे.

ज्ञान असले की साहित्य महागच लागते असेही नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांची पट्टी वापरून पाहिली. ती जखमेला चिकटत नाही आणि अत्यंत स्वस्त पडते. त्याआधी बटाट्याच्या सालींचा प्रयोग झाला होता. कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या वाचकांना केळीचे पान अधिक रुचेल!

परिचारिकेच्या पदरी काय पडते? शहरातील मोठ्या रुग्णालयांत या कौशल्याला मागणी आहे. लहान गावी मात्र प्रमाणपत्राने वेतन आपोआप वाढत नाही. घरी येऊन पट्टी करणाऱ्या ताईंना चहा आणि आशीर्वाद देऊन निरोप देण्याची रीत आहे. मालाच्या दरात पैशापैशाची घासाघीस करणाऱ्या घरांना ती शोभत नाही. दर ठरलेला नसेल तर शिकलेली परिचारिका शहर गाठते, आणि गाव पुन्हा गाडीभाड्यावर येते.

वैयावृत्त्याला जैन परंपरेने सहा अंतरंग तपांत स्थान दिले आहे. अनवाणी विहार करणाऱ्या साधु-साध्वींच्या पायांची काळजी समाज घेतोच. स्थानिक न्यासांनी यंत्रावर नाव कोरण्याऐवजी एका परिचारिकेचे शिक्षणशुल्क आणि त्या काळातील बुडालेले वेतन द्यावे, गावी परतल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रत्येक पट्टीचा दर बांधून द्यावा आणि गरीब रुग्णाच्या वाट्याची रक्कम न्यासाच्या खात्यातून तिला वेळेवर चुकती करावी.