विकलेला डेटा परत का घेता?

मोबाइल डेटाच्या रोजच्या मर्यादेबद्दल कुणी तक्रार केली की एक ठरावीक उत्तर मिळतं. उत्तर देणारे गृहस्थ जाणकार असतात. दूरसंचार कंपन्यांचे ताळेबंद त्यांना पाठ असतात आणि ग्राहक फुकटाला सोकावला आहे, अशी त्यांची ठाम समजूत असते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : इतका स्वस्त डेटा जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो, जो जास्त वापरतो त्यानं जास्त मोजावं, विजेचं बिल युनिटवर येतं तेव्हा कुणी ओरडत नाही, मग जीबीवरच का ओरडायचं? शिवाय टॉवरची क्षमता मर्यादित, म्हणून मर्यादा हवी. आणि सगळ्या अटी छापलेल्या असतात. वाचून रिचार्ज करावा.

यातला विजेचा दाखला आधी घ्यायला हवा. तोच सगळीकडे तोंडावर फेकला जातो आणि तोच सर्वांत खोटा आहे.

महावितरणचं बिल उघडून पाहावं. त्यात स्थिर आकार असतो. तो वीज वापरा, न वापरा, भरावाच लागतो. बाकी वीज आकार आणि वहन आकार मीटर जेवढा फिरला तेवढाच. घर आठ दिवस कुलूपबंद राहिलं तर त्या आठ दिवसांच्या न जाळलेल्या युनिटांचे पैसे कुणी मागत नाही. शंभर युनिटांच्या वर गेलं की दर चढतो, पण त्या क्षणी घरातले दिवे मिणमिणते होत नाहीत. आणि ज्यांनी छतावर सोलर बसवून नेट मीटर घेतला आहे, त्यांचे जादा युनिट तर पुढच्या महिन्याच्या बिलात जमा धरले जातात. उरलेलं पुढे नेण्याची सोय त्या वीजबिलातच आहे, ज्याचा हवाला देऊन मोबाइलच्या ग्राहकाला गप्प केलं जातं.

आता मोबाइलचा पॅक बघावा. जुलै २०२४च्या दरवाढीनंतर २९९ रुपयांत २८ दिवस, रोज दीड जीबी, हा घराघरातला पॅक झाला. हिशेबाला ४२ जीबी. पैसे आधीच घेतलेले. पण रात्री बारा वाजले की त्या दिवशीचं जे उरलं असेल ते गेलं. महिनाभरात एखाद्यानं वीसच जीबी वापरले, तरी बिल ४२चंच. याला वापरानुसार बिल म्हणताच येत नाही. हे विकलेला माल परत घेणं आहे, आणि परत घेतल्याचे पैसे न देणं आहे.

पुण्यातल्या अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं हे रोज भोगतात. पाच दिवस पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मुलीचा डेटा रोज एक-एक जीबीनं वाया जातो. सहाव्या दिवशी दोन रेकॉर्डेड लेक्चर पाहायला बसली की दुपारीच मोबाइलवर संदेश येतो, डेटा संपला. मग एकोणीस रुपयांचा टॉपअप. तिचेच पाच जीबी बुडवून तिलाच सहावा विकला जातो. हे टॉपअप पूर्वी मूळ पॅक संपेपर्यंत चालत. आता त्यांतल्या काहींची मुदत एक-दोन दिवसांवर आली आहे.

टॉपअप घेतला नाही, तर? 'अमर्याद' नेट चालूच राहतं, ६४ केबीपीएसनं. या वेगानं एक जीबी उतरायला जवळजवळ पस्तीस तास लागतात. डायल-अपचा ५६ केबीपीएसचा मोडेम ज्यांनी वापरला आहे, त्यांना हा वेग ओळखीचा वाटेल. दूरसंचार विभागाच्या २०२३च्या व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणजे किमान दोन एमबीपीएस. त्याचा तिसावा हिस्सासुद्धा हा भरत नाही. घरातल्या ब्रॉडबँडची मर्यादा संपली तरी वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असं दूरसंचार नियामक ट्रायनं २०१६ मध्येच बजावलं होतं. मोबाइलवर जगणाऱ्या, म्हणजे बहुसंख्य लोकांच्या वाट्याला मात्र ६४ आले.

अशा तक्रारी नव्या नाहीत, आणि त्यांना मिळणारी उत्तरंही नाहीत. एके काळी येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. लोक नंबर पाहून फोन कापत आणि जवळच्या लँडलाइनवरून उलट फोन करत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. त्यानंतरही एकसष्टाव्या सेकंदाला दुसऱ्या मिनिटाचे पैसे लागत, तेव्हाही ग्राहकाला हेच ऐकवलं जाई की परवडत नसेल तर बोलू नका. २००९ मध्ये एका कंपनीनं सेकंदावर बिल आकारायला सुरुवात केली आणि बाकीच्यांना मागोमाग यावं लागलं. मोबाइल सेवा त्यामुळे बंद पडली नाही.

टॉवरच्या गर्दीचा मुद्दा. गर्दी असते ती संध्याकाळी, ठरावीक वस्तीत. मंगळवारचा उरलेला अर्धा जीबी कुणी बुधवारी पहाटे वापरला तर टॉवरवर कसला ताण येतो? दीड जीबीचा आणि दोन जीबीचा ग्राहक शेजारी-शेजारी बसले, दोघांकडे ५जी फोन असला, टॉवरही एकच असला, तरी मोठ्या कंपन्यांनी २०२४ पासून अमर्याद ५जी दुसऱ्यालाच ठेवलं. ताण टॉवरवर असता तर हा भेद पॅकच्या किमतीवर ठरला नसता. अमेरिकेत कॉमकास्टनं मार्च २०२० मध्ये, घरोघरी लोक कोंडलेले असताना, आपली मर्यादा स्थगित केली. जाळं कोसळलं नाही.

स्वस्ताईचं म्हणाल तर ती खरी आहे. पण २९९ला ४२नं भागलं की जीबी सात रुपयांचा दिसतो आणि वीस वापरणाऱ्याला तो पंधराला पडतो. कौतुक नेहमी पहिल्या आकड्याचं होतं.

राहिला छापील अटींचा मुद्दा. त्यात मुदत महिन्याची नसते, २८ दिवसांची असते. वर्षात बारा महिने आणि रिचार्ज तेरा.

मग हवं काय? ४२ जीबी विकले असतील तर ते २८ दिवसांत केव्हाही वापरू द्यावेत, आणि उरले तर पुढचा रिचार्ज वेळेवर केल्यास पुढे जावेत. तंत्राची अडचण कुणी सांगू नये. पोस्टपेडच्या ग्राहकाला उरलेला डेटा पुढे मिळतो, आणि व्हीआयनं काही प्रीपेड पॅकवर सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरायला दिला आहे. ट्रायनं जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक तीस दिवसांचा पॅक ठेवायला लावला. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणं आणि एसएमएस यांचा वेगळा पॅक द्यायला लावला. त्याच धर्तीवर तिसरा आदेश निघावा : प्रत्येक कंपनीनं रोजची मर्यादा नसलेला, उरलेला डेटा पुढे नेणारा एक तरी प्रीपेड पॅक ठेवावा, आणि त्याची किंमत तेवढ्याच जीबीच्या रोजच्या मर्यादेच्या पॅकपेक्षा जास्त नसावी.